न लावलेला कौल

कुलूप करकरलं नाही, एवढाच माझा पुरावा होता.

१९९३ सालचा श्रावण. गोळपच्या आमच्या घरात, माजघरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत आजीने आठ हजार रुपये ठेवले होते. आंब्याचा हंगाम संपला की मुंबईच्या दलालाकडून पट्टी यायची, तिचे ते पैसे. पुढच्या उन्हाळ्यात घरावरची कौलं बदलायची म्हणून बाजूला काढलेले. नारळी पौर्णिमेच्या तीन दिवस आधी आजीने ट्रंक उघडली, तर रुमालात बांधलेली पुरचुंडी जागेवर नव्हती.

कोकणच्या पावसात लोखंडाचं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. ते कुलूप आषाढापासून गंजायचं आणि किल्ली फिरवली की ओटीवर ऐकू जाईल इतकं करकरायचं. त्या सकाळी मी आजीच्या शेजारीच उभी होते. कुलूप मुकाट्याने उघडलं. सगळे ट्रंकेत बघत होते. मी कुलूप हातात घेऊन नाकाशी नेलं. शिलाई मशीनच्या तेलाचा वास. मशीन काकूचं होतं आणि तेलाची कुपी भाऊकाकांच्या खोलीतल्या खिडकीत असायची.

मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि त्याच वर्षी दूरदर्शनवर ‘ब्योमकेश बक्षी’ लागत होतं. बासू चटर्जींची मालिका. धोतर नेसलेला, आवाज न चढवणारा रजित कपूर, सोबत के. के. रैना यांचा अजित. आणि सत्यवती झालेली सुकन्या कुलकर्णी, म्हणजे आपलीच मराठी मुलगी, याचा घरात सगळ्यांना अभिमान. आमचा अँटेना परसातल्या बांबूवर बांधलेला. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या, मग बाबा बाहेर जाऊन बांबू फिरवायचे आणि मी आतून ओरडायची, “आलं, आलं, थांबा!” भर रंगात वीज गेली की शेवट हुकायचा. मग तो मी स्वतः रचायची.

मी एक वहीही केली होती. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. प्रत्येक भागासाठी तीन रकाने आखलेले: गुन्हा, खूण, गुन्हेगार. ब्योमकेश स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही. त्याला तो शब्द आवडत नाही. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो, सत्याचा शोध घेणारा. तो शब्द मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिला होता आणि खाली स्वतःचं नाव.

पौर्णिमेच्या रात्री पंगत बसली. नारळीभात होता. मी पानावरून उठले आणि ब्योमकेश शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून सांगतो, तसं सगळं सांगितलं. कुलूप का करकरलं नाही, तेल कुठून आलं, पैसे गेले असतील त्या दुपारी घरात कोण होतं. एकही धागा चुकला नाही. भाऊकाकांनी हातातला घास पानात ठेवला, उठले आणि मागच्या दारी हात धुवायला गेले. ते आत आलेच नाहीत. आजी एवढंच म्हणाली, “बाकीचे जेवून घ्या.”

त्या रात्री झोपताना ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, शाबासकी देईल. ती म्हणाली, “मला विचारायचं होतंस गो.” मोठ्यांच्या आधी बोलले म्हणून ती रागावली, असा मी त्याचा अर्थ लावला.

दसऱ्यापर्यंत माजघराच्या मधोमध जांभ्या चिऱ्यांची भिंत उभी राहिली. भाऊकाका काकूला आणि दोन्ही मुलांना घेऊन डोंबिवलीला गेले. मुलगा माझ्याच वर्गातला. कौलं त्या उन्हाळ्यात बदलली गेली नाहीत, पुढच्याही नाहीत. आजी गळक्या जागी भांडी ठेवायची. १९९९ मध्ये ती गेली, तोवर ठेवत होती.

पुढे मी वकील झाले. गेली वीस वर्षं रत्नागिरीच्या न्यायालयात काम करते आहे आणि माझ्याकडची निम्मीअधिक कामं वाटपाच्या दाव्यांची आहेत. भाऊ भावाविरुद्ध, चुलता पुतण्याविरुद्ध, सात-बारावरच्या एका नावासाठी, विहिरीवरच्या एका रहाटासाठी. भिंत घातलेलं माजघर मी कितीतरी फिर्यादींतून वाचलं आहे. प्रत्येक वेळी मला आमचं माजघर दिसतं.

मार्च २०२० च्या अखेरीस, सगळं बंद असताना, दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा दाखवायला घेतल्या. त्यात ब्योमकेश होता. न्यायालयाचं काम जवळजवळ थांबलेलं, कलमांवर आंबा तयार आणि तो मुंबईला जायचा कसा याची घराघरांत काळजी. अशा दिवसांत मी सत्तावीस वर्षांनी तो आवाज पुन्हा ऐकला. माळ्यावरची वहीही काढली. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, अक्षर शाबूत होतं.

पहिली जाणीव अशी झाली की मला गुन्हे आठवत होते, माणसं आठवत नव्हती. ग्रामोफोनची सुई सायकलच्या घंटीतून मारणारा खुनी नीट आठवत होता. ज्यांना ती सुई लागली त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा आठवेना. वहीतही त्यांची नावं नव्हती. तीन रकान्यांत त्यांना जागाच नव्हती. आणि चौथा रकाना तर मी आखलाच नव्हता: नाव सांगून झाल्यावर काय झालं?

शेवटच्या पानावर, मालिकेच्या भागांच्या खाली, एक नोंद होती. गुन्हा: आठ हजार. खूण: तेल. गुन्हेगार: भा. का. शेजारी बरोबरची खूण.

आणखी एका नोंदीपुढे मी लाल शाईने फुली मारली होती. ती ‘आदिम शत्रू’ची. शरदिंदू बंद्योपाध्यायांची ही कथा स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या, दंगलींनी पोळलेल्या कलकत्त्यात घडते. अनादी हालदार नावाच्या पैसेवाल्याचा खून होतो. ब्योमकेशला खुनी सापडतो आणि तो त्याला पोलिसांच्या हवाली करत नाही, जाऊ देतो. बाराव्या वर्षी मला ही शुद्ध फसवणूक वाटली होती. सत्य सापडलं आणि सांगितलं नाही, मग शोधलं कशाला?

शरदिंदूंनी पहिल्या ब्योमकेशकथा १९३२ मध्ये लिहिल्या. पुढे ते सिनेमाच्या लेखनासाठी मुंबईला आले आणि १९५२ पासून पुण्यात राहिले. उत्तरार्धातल्या ब्योमकेशकथा त्यांनी महाराष्ट्रात बसून लिहिल्या, आणि शिवरायांच्या काळातल्या सदाशिवच्या कथाही. तेव्हा हा प्रश्न बंगालचा म्हणून बाजूला ठेवता येत नाही. सापडलेलं सत्य कोणाच्या मालकीचं? हा प्रश्न माझ्या माजघरातला आहे.

‘आदिम शत्रू’चा भाग पाहत असताना मला एक गोष्ट आठवली, जी सत्तावीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होती.

आमची आजी कौल लावल्याशिवाय काही करायची नाही. गाय आटली, कौल. आत्याचं लग्न ठरेना, कौल. विहिरीची जागा ठरवायची, कौल. ग्रामदेवतेच्या देवळात गुरव देवीला कळे लावायचा, गाऱ्हाणं घालायचा आणि आजी हात जोडून बघत राहायची. उजवा कळा पडला की होय, डावा पडला की नाही. पैसे गेले त्या दिवशी शेजारचे, वाडीतले सगळे हेच म्हणाले, “चला देवळात. दूध का दूध होऊन जाईल.” बाबा निघालेसुद्धा. आजीने त्यांना दारातून परत बोलावलं. “ह्यात देवीला नको घालूस,” म्हणाली. “उंदरांनी ओढून नेलं असेल.”

आठ हजारांची पुरचुंडी उंदीर कुलूप काढून नेत नाहीत, हे तिला कळत नव्हतं का? ते कुलूप रोज तीच उघडायची. त्याचं करकरणं थांबलेलं तिला माझ्या आधी कळलं असणार. जिने आयुष्यभर बारीकसारीक गोष्टींत देवीला साक्षीला बोलावलं, तिने घरातल्या सर्वांत मोठ्या चोरीत कौल लावला नाही. ही खूण तेलाच्या वासाहून कितीतरी स्पष्ट होती. ती मला दिसली नाही. सत्यान्वेषी म्हणून माझी नजर झालेल्या गोष्टींवर होती. आजीने काय केलं नाही, इकडे माझं लक्षच गेलं नाही.

तिला सगळं माहीत होतं. देवीच्या तोंडून ते बाहेर पडलं असतं तर परत आत घेता आलं नसतं, म्हणून तिने विचारलं नाही. ती थांबली होती. भाऊकाका पैसे परत ठेवतील यासाठी, किंवा एखाद्या दुपारी येऊन शेजारी बसतील यासाठी. तीन दिवस ती थांबली. चौथ्या दिवशी मी बोलले.

महाभारतात कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा आहे. खोटं कधी बोलायचं नाही हे त्याचं व्रत. लुटारूंच्या भयाने पळालेली माणसं त्याच्या आश्रमाजवळच्या झाडीत लपली. मागून लुटारू आले आणि त्यांनी सत्यवादी कौशिकालाच विचारलं. त्याने खरं ते सांगितलं. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. ही कथा श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो, तीही अशा घडीला, की प्रतिज्ञा पाळायची म्हणून अर्जुन स्वतःच्या थोरल्या भावावर तलवार उपसून उभा आहे. घरातल्या माणसावर सत्याची तलवार उपसणाऱ्याला सांगितलेली ही कथा आहे.

कॉलेजात ही कथा वाचली तेव्हा मला कौशिकावर अन्याय झाला असं वाटलं होतं. आता वाटतं, त्याचं पाप खरं बोलण्यात नव्हतं. बोलताना त्याच्या मनात त्या झाडीतली माणसं नव्हती. त्याच्या मनात फक्त त्याचं व्रत होतं. पंगतीत उभी राहिले तेव्हा माझ्याही मनात आजी नव्हती, तिचे पैसे नव्हते, काका तर नव्हतेच. माझ्या मनात माझी वही होती.

कोणी म्हणेल, बारा वर्षांच्या पोरीला एवढा दोष कशाला? त्यालाही महाभारतात आधार आहे. अणीमांडव्य ऋषींच्या आश्रमात चोरांनी माल लपवला. मौनव्रत होतं म्हणून ऋषी बोलले नाहीत, आणि राजाने त्यांना सुळावर दिलं. पुढे त्यांनी यमधर्माला जाब विचारला, तेव्हा कळलं की लहानपणी त्यांनी किड्यांना गवताची काडी टोचली होती, तिचं हे फळ. मांडव्य संतापले. एवढ्याशा पोराच्या चुकीला एवढी शिक्षा? त्यांनी धर्मालाच शाप दिला आणि नियम घातला की चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याचं पाप लागणार नाही. धर्म विदुर होऊन जन्माला आला तो या शापामुळे.

मांडव्यांच्या नियमाने मी सुटते. पण पाप लागलं नाही म्हणून भिंत पडत नाही. कर्मसिद्धांताकडे आपण नेहमी शिक्षेच्या बाजूने बघतो: ज्याने केलं त्याला कधीतरी फळ मिळेल. मला त्यात दुसरं दिसतं. कृत्य एकदा हातून सुटलं की त्याला करणाऱ्याचं वय माहीत नसतं. ते आपल्या वाटेने चालत राहतं, आणि करणाऱ्याला मोठं झाल्यावर त्याच्या मागे जावं लागतं.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचे भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा जो इतिहास लिहिला, त्याची मांडणी मला फार बोलकी वाटते. राजधर्म आणि व्यवहार, म्हणजे राजाचं न्यायदान, तिसऱ्या खंडात. पातक आणि प्रायश्चित्त चौथ्यात. न्यायालयापुढे सिद्ध होणारा गुन्हा ही एक गोष्ट आणि करणाऱ्याने स्वतः ओळखून धुवायचं पाप ही दुसरी, असा भेद आपल्या परंपरेने जपला आहे. शिक्षा बाहेरून येते. प्रायश्चित्ताला माणूस आपण होऊन यावा लागतो, आणि यायला त्याला वाट ठेवावी लागते. आजीने वाट ठेवली होती. भर पंगतीत नाव घेतल्यावर काकांपुढे दोनच गोष्टी उरल्या, नाकारणं किंवा निघून जाणं. आपण होऊन येऊन सांगण्याचा त्यांचा हक्क मी काढून घेतला.

कायद्यालाही हे अजिबात परकं नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १२२ नवरा-बायकोमधल्या बोलण्याला संरक्षण देत होतं आणि कलम १२६ पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीला. २०२४ मध्ये नवा कायदा लागू झाला, त्यातही ही संरक्षणं आहेत. सत्य शोधण्यासाठीच बसलेलं न्यायालय काही दारांपाशी थांबतं. ते दार फोडून मिळणाऱ्या सत्यापेक्षा दाराआडचा विश्वास मोठा, असं त्याने ठरवलं आहे.

इथवर लिहिल्यावर मला स्वतःलाच अडवलं पाहिजे. कारण “घरातलं घरात ठेव” हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर बसलेल्या किती बायकांच्या तोंडून ऐकलं आहे! अंगावरचे वळ पदराखाली झाकून त्या सांगतात, सासू म्हणाली, आई म्हणाली, घराची अब्रू आहे, बोलू नकोस. त्या मौनाला मी आजीच्या मौनाशेजारी बसवणार नाही. अशा घरात एखाद्या बारा वर्षांच्या मुलीने पंगतीत उभं राहून नाव घेतलं, तर मी तिच्या बाजूने उभी राहीन.

फरक कुठे आहे? मी पुष्कळ दिवस यावर विचार केला आणि माझ्यापुरतं उत्तर असं आहे: गप्प बसण्याचा अधिकार ज्याचं नुकसान झालं त्याचा आहे. पैसे आजीचे होते, मुलगा आजीचा होता, गळकं छप्पर आजीच्या डोक्यावर होतं. सोसायचं की सांगायचं हे तिने ठरवायचं होतं, आणि तिने ठरवलं होतं. मार खाणाऱ्या बाईला जेव्हा दुसरं कोणी गप्प बसवतं, तेव्हा तिच्या वाटची क्षमा परस्पर खर्च केली जाते. ती चोरीच आहे. दुसऱ्याच्या नुकसानीची क्षमा मी करू शकत नाही, तसंच त्या नुकसानीचं सत्यही मी त्याला न विचारता उधळू शकत नाही. “मला विचारायचं होतंस गो” हे आजीचं वाक्य रागाचं नव्हतं. तो सबंध धर्मविचार होता आणि तिने तो सात वर्षांच्या मुलीला समजेल इतक्या सोप्या शब्दांत सांगितला होता. बारा वर्षांच्या मला तो कळला नाही.

म्हणूनच ‘आदिम शत्रू’समोर मारलेली फुली मी अजून पूर्ण खोडलेली नाही. ब्योमकेश जाऊ देतो तेव्हा त्याच्या मनात दया आहे, हे आता दिसतं. मेलेला माणूस भला नव्हता, हेही दिसतं. पण मेलेल्याला विचारता येत नाही. त्याच्या वतीने ब्योमकेशने क्षमा करावी का, याला माझ्याकडे होय असं उत्तर नाही. खुनाच्या बाबतीत समाजाने उभं राहून नाव घ्यायलाच हवं, कारण ज्याने बोलायचं त्याचा आवाजच बंद केलेला असतो. फुलीच्या जागी मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आहे.

२०२२ च्या गणपतीला भाऊकाका आले. दोन वर्षं साथीमुळे येणं झालं नव्हतं. घर वाटलं गेलं तरी गणपती एकच राहिला आहे. काका दरवर्षी यायचे, आरती करायचे आणि प्रसाद घेऊन संध्याकाळच्या गाडीने परतायचे. माझ्याशी बोलायचे, चौकशी करायचे, पण माझ्याकडे बघून नाही. आता ते शहात्तर वर्षांचे आहेत. दुपारी ओटीवरच्या झोपाळ्यावर एकटे बसले होते. मी खाली पायरीवर बसले.

“काका, मी तेव्हा चुकले,” म्हटलं.

“चुकलीस कुठे? पैसे मीच घेतले होते.” पहिल्यांदा ते हे बोलले. मग थांबून म्हणाले, “भिशी चालवायचो मी. एकजण बुडवून पळाला. लोकांचे द्यायचे होते. ठेवणार होतो परत.” झोपाळ्याची कडी हलत राहिली. “आईच्या डोळ्यांसमोर नाव घेतलंस, ते लागलं. तिला त्या दिवशी कळलं.”

तेव्हा मला समजलं की सत्तावीस नाही, एकोणतीस वर्षं हा माणूस कोणतं ओझं घेऊन हिंडत होता. आपल्या आईला आपली चोरी पुतणीच्या तोंडून कळली, हे ते ओझं. आणि माझ्याकडे एक सत्य होतं. ते माझं नव्हतं, आजीही आता विचारायला नव्हती, पण ते कोणाला द्यायचं हे या वेळी मला कळत होतं.

“काका, पैसे गेले त्या दिवशी सगळे देवळात निघाले होते. आठवतं?”

“हं.”

“आजीने बाबांना दारातून परत बोलावलं. कौल लावू दिला नाही. मी बोलले त्याच्या तीन दिवस आधी.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आत बायका मोदकांच्या पारी करत होत्या, त्यांचे आवाज येत होते. पाय टेकवून त्यांनी झोपाळा थांबवला.

“आईने कौल लावला नव्हता?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

त्या दिवशी ते संध्याकाळच्या गाडीने गेले नाहीत.